अर्धी पेशी

सकीना कसबा पेठेतल्या हुसेन कल्हईवाल्यांची मुलगी. ती चिलटाच्या मेंदूचा नकाशा काढते असं कळलं, की शेजारच्या बायका तोंडाला पदर लावत. चिलटाला मेंदू असतो हीच त्यांना बातमी होती. असतो, खसखशीच्या दाण्याएवढा. त्याचे हजारो पातळ काप करून फोटो काढलेले, आणि संगणकावर कापामागून काप उलटत एकेका पेशीचा धागा रंगवत जायचं, हे सकीनाचं काम. प्रयोगशाळेत तिच्याइतकी जुनी सहायक दुसरी नव्हती.

तिथे एक रीत होती. मोठी पेशी शेवटच्या फांदीपर्यंत जो पुरी करेल, त्याने तिचं टोपणनाव ठेवायचं. मग प्रमुख दिगंबर सरसुद्धा तिला त्याच नावाने ओळखणार. डोळ्याकडून निघून मेंदूभर पसरलेली एक दांडगी पेशी सकीनाने हाती घेतली होती आणि नावही मनाशी ठरवलं होतं: हुसेन. अब्बांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरलेली पातेली चमकवली. त्यांचंही नाव कुठेतरी लागावं, एवढीच तिची इच्छा.

पण अब्बांनी अंथरूण धरलं, सकीनाने लांब रजा घेतली आणि अर्धी पेशी नव्या आनंदीकडे गेली. आनंदी कोथरूडची, स्कूटरवरून येणारी, डब्यातलं सगळ्यांना वाढणारी. अब्बांना माती देऊन सकीना परतली, तोवर हिने पेशी पुरी करून ठेवली होती. राहिली होती फक्त तपासणी, आणि ती सकीनाच्याच वाट्याला आली.

सकीनाचा नुसता जळफळाट झाला. आनंदीचं ते गोड ‘सकीनाताई’सुद्धा तिला टोचायचं. चूक सापडलीच पाहिजे, अशा डोळ्यांनी ती एकेक फांदी बघत गेली. आणि सापडली. एका कापाला सुरकुती पडली होती. तिथे धागा दिसेनासा व्हायचा, आणि घाईतला माणूस पलीकडे शेजारचाच धागा पकडायचा. आनंदीची सगळ्यात मोठी फांदी नेमकी त्या सुरकुतीतून गेली होती. सकीनाने ती तिथेच तोडली आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. सर म्हणाले, नजर असावी तर अशी. त्या दिवशी तिला चहा फार गोड लागला.

आनंदीचा चेहरा उतरला, पण ती वाद घालत बसली नाही. एवढंच म्हणाली, “तोडलीत तर तिचं घरही शोधून द्या, सकीनाताई.”

तीही तिथली रीतच होती. तोडलेली फांदी उघड्यावर टाकायची नाही, तोडणाऱ्याने तिची खरी पेशी शोधायची. सकीनाने सुरकुतीजवळचे सगळे धागे तपासले. प्रत्येकाला अलीकडे-पलीकडे आपापली जोड होती. बिनजोडीचा एकच उरला, आनंदीचा. त्यातला एक गडद ठिपका अर्धा सुरकुतीच्या अलीकडे होता, अर्धा पलीकडे; म्हणजे दोन्हीकडचा धागा एकच. कार्टी बरोबर होती. सकीनाने पुन्हा पुन्हा पाहिलं, ठिपका काही हलेना.

दात-ओठ खात तिने फांदी जोडली आणि सरांना जाऊन सांगितलं. जागेवर येते तो आनंदी उभी.

“अर्धी तुम्हीच काढली होतीत,” ती म्हणाली. “नाव तुम्ही ठेवा.”

नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण या पोरीने अर्धी पेशी घेतली, बरोबर ठरली, आणि आता मोठेपणाही हिनेच घ्यायचा? हिच्या हातून अब्बांचं नाव दान म्हणून घ्यायचं?

“मला काही सुचत नाही,” सकीना म्हणाली. “तूच ठेव.”

आनंदीने नाव ठेवलं, बाकरवडी. मधला भाग तसा गुंडाळलेला होता खरा. सगळे हसले, सकीनाही हसली.

अजूनही सर कधी विचारतात, बाकरवडीची ती डावी फांदी कुठे जाते हो? ती फांदी सकीनाने काढलेली, तिला तोंडपाठ आहे. ती सांगते, आणि दर वेळी तिला बाकरवडीच म्हणावं लागतं.