म्हशीपुढं टाकलेलं ताट

तीळ भाजल्याचा वास आला की मला सणसवाडीतलं आमचं सासरचं घर आठवतं. वरच्या मजल्यावर गावाजवळच्या कंपनीतला एक कोरियन इंजिनियर बायको आणि लहान मुलीसह भाड्यानं राहायचा. मी नवी सून होते. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी वर जायची आणि त्याच्या बायकोला भाकरी थापायला शिकवायची. त्यांचा पितरांचा सण आला, तेव्हा तिनं दिवसभर खपून तांदळाच्या पिठाचे, आत तीळ-साखर भरलेले उंडे वाफवले. तीळ मीच कुटून दिले होते. संध्याकाळी ती ताट घेऊन खाली आली आणि हसत म्हणाली, "हमारा दिवाली." सासूबाईंनी गोड बोलून ताट घेतलं. ती जिना चढून गेल्यावर म्हणाल्या, "काय काय खात्यात ही मान्सं, कुणाला ठावं! टाक म्हशीला." 'आत्याबाई, नुसती तीळ-साखर हाय,' एवढंच म्हणायचं होतं. पण मी वर जाते हे त्यांना कळलं असतं, म्हणून ताट उचललं आणि गव्हाणीत रिकामं केलं. मान वर केली, तर ती मुलीला कडेवर घेऊन गॅलरीत उभी होती. दुसऱ्या दिवशी मी घासलेलं ताट परत द्यायला गेले. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, किंचित वाकली आणि दार लावून घेतलं. पुढच्याच महिन्यात ते लोक पुण्याला राहायला गेले. आता माझी लेक सिंगापूरला असते. दिवाळीला शेजाऱ्यांकडं फराळ दिला, असं ती फोनवर हौसेनं सांगते, तेव्हा त्यांनी तो खाल्ला का, हे विचारायचा मला धीर होत नाही.