गल्लीच्या तोंडाशी थांबलेली व्हॅन

अप्पांची केमो चालू होती तेव्हाच डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर सुचवलं. दुखणं, उलट्या, झोप यांच्यासाठी वेगळ्या डॉक्टरीणबाई, हॉस्पिटलचं नाव लिहिलेल्या व्हॅनमधून घरी येणारी नर्स. केमो थांबवायची गरज नाही. आजारावरचे उपचार थांबवल्यावर, शेवटच्या दिवसांत फक्त त्रास कमी करतात ते हॉस्पिस, ते वेगळं, असंही त्यांनी सांगितलं. आई गेल्यापासून घरातले निर्णय अप्पांचे थोरले भाऊ घेतात. मी काकांना सगळं, या तमिळ मुलखात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो त्या आमच्या मराठीत समजावलं, अडलं तिथे तमिळमध्ये.

"इंग्लिश शाळेत घातलं ते हे शिकायला?" काका म्हणाले. "दोन्ही एकच. ती नर्सची वंडी दारात उभी राहिली की राजवाड्यामागची सगळी मराठी घरं फळं घेऊन बघायला येतील. मग त्याला कळणार नाही?"

आमच्यात आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत. केमोला आम्ही अप्पांसमोर सलाइन म्हणायचो.

मी नर्सला फोन करून व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबवायला आणि तिथून चालत यायला विनवलं. ती आलीही. काकांनी तिला बाहेरच बसवून कॉफी दिली आणि गोड बोलून परत पाठवलं. आत अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुखतंय का, विचारलं.

"आहे घरातच," ते म्हणाले. "बाहेर कुठं जातंय ते."

पुढे कूस बदलतानाही ते कळवळायला लागले, तेव्हा काका मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. "ती दुखण्याची डॉक्टरीण पाठवा," म्हणाले. डॉक्टर हळू बोलले. केमो आता झेपणार नाही, बंद करू. आता हॉस्पिसच. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एक आहे, खाट मिळेल. काकांनी मान हलवली. त्यांनी बहुतेक खाट तेवढीच ऐकली.

तिथे मॉर्फीन सुरू झालं. अप्पा गाढ झोपले. उठून चार घास रसम-भात खाल्ला.

"बघ, उतार पडला," काका मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "उगाच भ्यायलो आपण. आता सलाइन परत कधी लावणार, विचार या नर्सला."

आमची मराठी न कळणारी तिथली नर्स माझ्याकडे बघत राहिली. अप्पाही बघत होते.

"विचारते," मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहिले.