तालभटाचं हॅम्बुर्ग

तालभट स्वस्थ बसलेला मी कधी पाहिलाच नाही. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवण येईपर्यंत टेबलावर, प्राध्यापकांच्या दारात फायलीवर, मी अभ्यासाला बसलो की आमच्या मधल्या भिंतीवर, त्याची बोटं आपली चालूच. "अरे, पुरे की आता!" म्हणून मी ओरडलो की पलीकडून उत्तर यायचं, "समेवर येऊ दे, मग ओरड."

जर्मनीत ब्राउनश्वाइगला तेव्हा आम्ही दोघेच पुण्याचे. तो इंजिनांवर डॉक्टरेट करत होता, मी पुलांवर. हॉस्टेलातल्या डीटर नावाच्या उंचाड्या गिटारवाल्याला ड्रमर हवा होता. तालभटाने जन्मात ड्रम वाजवले नव्हते, पण तबलजीची खोड कुठली गप्प बसायला! गेला.

पहिल्याच कार्यक्रमात फजिती. गाणं संपलं, गिटारी थांबल्या, आणि हा गडी तिहाई घेतल्याशिवाय थांबेना! एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आदळला. मी लाजेने मान खाली घातली, तर पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलेलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! आता दर वेळी असंच!" म्हणत डीटरने त्याला मिठीच मारली. पुढे डीटर बटाटे सोलताना 'धा तिरकिट' म्हणायचा आणि हा मास्तरासारखा त्याच्या चुका काढायचा.

मग हॅम्बुर्गच्या एका क्लबने बँडला वर्षभरासाठी बोलावलं. तालभटाचा प्रबंध अर्धवट होता, तरी तो जाणार हे मला दिसत होतं. त्याच्या काळजीने म्हणा, आपण एकटे पडू या भीतीने म्हणा, मी त्याच्या नकळत पुण्याला त्याच्या थोरल्या भावाला, दादांना, पत्राने कळवून टाकलं. आजही त्या पत्राची मला लाज वाटते. दादांनी माझं नाव न घेता त्याला 'आधी प्रबंध पुरा कर' असं लिहिलं. ज्या दादांनी याच्यासाठी स्वतःचं कॉलेज सोडलं होतं, त्यांचा शब्द मोडणं त्याला जमलं नाही.

शेवटचा आठवडा त्याने नव्या ड्रमरला सगळं शिकवण्यात घालवला, अगदी तिहाईसकट. "डीटरचं अडायला नको रे," म्हणाला. स्टेशनवर डीटर ढसाढसा रडला. नंतर त्याची दोन पत्रं आली. उत्तर लिहायला हा बसायचा आणि तसाच उठायचा.

तालभट डॉक्टर झाला, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर चढला. त्याच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तो सगळं कबूल करायचं ठरवूनच. मला पाहताच त्याने हात धरला आणि बायकोला म्हणाला, "अगं, हॅम्बुर्ग सुटलं तेव्हा मला वेड लागायचं बाकी होतं. हा होता म्हणून निभावलं."

वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो निमूट प्यालो.