नीलगिरीखाली, भर दुपारी

तापातून उठल्यावर आईला वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण जिन्यात पाय टाकताच कुणाकडे काय शिजतंय ते ओळखणारी ही बाई! एकदा शेगडीचं बटण अर्धवट राहिलं, घरभर गॅस पसरला, आणि ती आत निवांत भाजी निवडत बसलेली. त्या दिवसापासून ती ओट्याजवळ फिरकेना. मी ठाण्याहून दमूनभागून कल्याणला यायचे आणि कशीबशी आमटी करायचे. ती मुकाट गिळायची. एरवी माझ्या आमटीला नावं ठेवल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. तिचं हे गप्प बसणं मला सहन होईना.

आमच्या बिल्डिंगच्या मागे नीलगिरी आहे. एवढा उग्र वास तरी येईल, म्हणून थंडीतल्या एका रविवारी सकाळीच तिला तिथे नेलं. ढगाळ, गार हवा होती. आईने डोळे मिटून श्वास घेतला. "येतोय गं! चांगला येतोय."

मला मात्र काहीच वास येत नव्हता. आणि माझं नाक धडधाकट.

मग माझी ट्यूब पेटली. अहो, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते! झाडं पानांतून वासाची द्रव्यं हवेत सोडतात, हवा तापेल तशी ती जास्त सुटतात, काही तर उजेडाशिवाय बनतच नाहीत, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगते. अशा गार सकाळी झाड हात आखडताच घेणार. म्हणजे आई माझ्यासाठी खोटं बोलली होती. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

एप्रिलात भर दुपारी तिला पुन्हा ओढून नेलं. "डोकं फिरलंय का तुझं, या उन्हात?" ती वाटभर करवादत होती. झाडाखाली वास असा नाकात घुसला की मला शिंकच आली. मी तिच्याकडे पाहिलं.

"नाही येत गं," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हता आला."

"माहितीये."

"अगं मेले, मग बोलली का नाहीस?"

आम्ही दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता रडलोही. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "बरं, तू सांग. कसा येतोय?"

मला जमेल तसं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. कढई गॅसवर चढली होती, आईच्या हातात किसलेलं खोबरं. "ये, इथे उभी राहा. तो मोबाइल ठेव आधी. आणि करपायच्या आत सांग, करपल्यावर नको."