दोनशे तीस भागिले सेहेचाळीस

काही प्रकरणांचे कागद बंद होतात, पण आपल्या डोक्यातून ती जात नाहीत. हिंजवडीचे हे प्रकरण माझ्यासाठी तसेच आहे.

तेव्हा तिथे संगणक कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एका जमीनमालकाने तीन मजली इमारत बांधून खोल्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. एका सकाळी सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीला आग लागली. रात्रपाळी करून झोपलेला एक तरुण धुराने गुदमरून गेला. त्याच खोलीत पोरांचा डबा करणारी बाई विजेच्या शेगडीवर पोळ्या भाजत असे. आग लागली तेव्हा ती खोलीत नव्हती.

तपास माझ्याकडे आला. मालक ठाण्यात येऊन छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, ह्या बाईनंच शेगडी चालू ठेवून पोरगं मारलं. दुसरं काय बी न्हाय."

बाई म्हणाली, "साहेब, भिंत तापली होती. हात ठेववत नव्हता. मी शेगडी बंद केली आणि मालकांना सांगायला खाली गेले. ते म्हणाले, गप आपलं काम कर."

मी तिच्यावर ओरडलो. खोलीत नसण्याचे कारण प्रत्येक जण देतो, असे मला वाटले. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. गुन्हा जामीनपात्र होता, पण तिला जामीन राहायला कोणी आले नाही. ती तुरुंगात गेली.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. आवाज तरुण होता, नाव सांगायला तयार नव्हता.

"सर, तुम्ही फ्यूज चेक केला का? खाली मीटरजवळचा?"

"तू कोण बोलतोस?"

"सर, मला तिथेच राहायचंय," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

आमच्या ठाण्यातला एक हवालदार आयटीआयमधून वायरमनचे काम शिकलेला होता. चौथ्या दिवशी सकाळीच त्याला घेऊन गेलो. पंचांसमोर फ्यूज काढला. आत बारीक फ्यूजतारेऐवजी तांब्याच्या जाड तारांचा पीळ होता. सारखा उडणारा फ्यूज असा 'पक्का' करून टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. जळालेल्या खोलीत प्लायवूडच्या कपाटामागच्या भिंतीत शेगडीच्या तारेला एक जोड दिला होता आणि तिथून दुसरी तार गच्चीवर गेली होती. गच्चीवर दोन गिझर होते.

हवालदाराने खिशातला मल्टिमीटर लावून शेगडीची कॉईल मोजली.

"साहेब, सेहेचाळीस ओहम. आणि खाली व्होल्टेज दोनशे तीस. भागा."

"पाच."

"पाच अँपिअर. दोनशे तीस गुणिले पाच, साडेअकराशे वॅट. एवढ्यानं ही तार जळत नाही. आता गिझर बघा. तेवीस ओहम."

"म्हणजे दहा अँपिअर."

"एकेकाचे दहा, दोघांचे वीस. शेगडी धरून पंचवीस. तार मात्र दिव्यांसाठीची, बारीक."

"म्हणजे पाचपट तापली?"

"नाही साहेब. करंट पाचपट झाला की तारेतली उष्णता पंचवीस पट होते. त्यात जोड ढिला. फ्यूज वितळायला हवा होता, पण तो वितळूच नये अशी सोय केलेली."

बाई म्हणाली होती, भिंत तापली होती.

पण त्या सकाळी गिझर चालू होते हे सिद्ध करायचे होते. मालक आधीच म्हणाला होता, "गिझर आठवडाभर बंद हायेत." पोरे खोली जाईल म्हणून तोंड उघडत नव्हती.

लहानपणी मी हडपसरच्या बाजारात आईबरोबर भाजी विकली आहे. मालाला नावे ठेवली की विकणारा चिडून काय काय सांगून जातो, हे मला पोलीस प्रशिक्षणात शिकावे लागले नाही. जिन्यात मालकाने पाटी लावली होती : 'गरम पाणी सकाळी ६ ते ७. उशिरा उठणाऱ्यांनी गारठ्याची सवय करावी.' ती आठवून मी त्याला चौकशीला बोलावले, चहा मागवला आणि फ्यूजचे नावही काढले नाही.

"पाटी झकास आहे तुमची. पण पोरं म्हणतात पाटीच गरम, पाणी गारच."

"कोन म्हनतो?"

"सगळेच. तुमच्याकडे म्हणे महिनोन् महिने गरम पाणी नसतं. त्या दिवशीही गारच होतं."

तो उठून उभाच राहिला. "साफ खोटं! रोज सहाला मी सोता बटन दाबतो. दोन्ही गिझर! त्या दिवशी बी पाऊण तास चालू व्हते, इचारा पोरान्ला!"

पंच शेजारी बसले होते. हवालदार लिहीत होता. मालकाला आपण काय बोललो हे कळायला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मग पोरांनाही बोलण्याचा धीर आला. बाई खाली धावत आल्याचे दोघांनी सांगितले.

त्याच दिवशी बाईविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि ती सुटली. मालकाला अटक केली. त्याचा पुतण्या जामीन राहिला आणि मालक रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचला. पुढे वर्तमानपत्रात छायाचित्र आले ते आमच्या वरिष्ठांचे. ते त्या इमारतीत एकदाही चढले नव्हते. शिपायापासून वर आलेल्या माणसाच्या वाट्याला छायाचित्र येत नाही, हे मला ठाऊक होते. पण हवालदाराचे नाव तरी यायला हवे होते. तो राग आजही आहे.

मात्र स्वतःवरचा राग त्याहून मोठा आहे. सुटल्यावर बाई आपली पिशवी न्यायला ठाण्यात आली. 'पोळ्यावाली बाई अटकेत' ही बातमी हिंजवडीभर झाली होती. सुटल्याची बातमी कोणी छापली नव्हती. तिची डब्याची सगळी कामे सुटली होती.

"साहेब, मी भिंतीचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?" तिने विचारले.

मी फाईल काढून तिचा जबाब वाचला. भिंतीचे वाक्य त्यात नव्हते. मी ते लिहूनच घेतले नव्हते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर कोणी काहीही बोलले, कितीही बहाणा वाटला, तरी मी शब्दन् शब्द लिहून घेतला. भागाकार एका ओळीचा होता. तो करायला मी चार दिवस लावले, आणि ते चार दिवस तिने भोगले.