अक्कांचे हात

माझी मोठी जाऊ, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात तेव्हा दोन्ही बिऱ्हाडं एकत्र होती. अक्कांना दोन मुलगे, मुलगी नाही. त्यामुळे माझी पोर जन्मली ती जणू त्यांच्याचसाठी. सकाळी वेणी घालायला पोर कंगवा घेऊन आधी त्यांच्याकडे पळायची. “मोठी माय, दोन घाल!” मी आपली भाकरी थापत बघत राहायची.

पोर सहा वर्षांची असताना पोट फुगायला लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या. तपासण्यांवर तपासण्या, शेवटी डॉक्टर म्हणाले, सिलिअॅक आहे. गहू, रवा, मैदा आयुष्यभर बंद. ज्वारी, तांदूळ चालेल. ज्वारीच्या मुलखात जन्मली म्हणून वाचली म्हणा ना! पण मी धसकाच घेतला. गव्हाची वेगळी भांडी, वेगळं फडकं, सगळं केलं. ते बरोबरच होतं. पुढचं जे केलं ते नव्हतं.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्का खापरावर मांडे करायला बसल्या होत्या. त्यांच्यासारखा मांडा आमच्या भावकीत कुणाला जमत नसे. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायच्या. पोरीनं मागून येऊन गळ्यात हात टाकले आणि अक्कांनी तशाच हातांनी तिचे गाल धरले. संध्याकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. मी सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले, “मारायचंय का तिला? परत हात लावायचा नाही!”

“पोर मनी बी शे ना,” अक्का एवढंच म्हणाल्या. त्यांचीही होतीच ती.

तेव्हापासून त्यांनी तिला हात लावला नाही. पोर जवळ गेली की हात पाठीमागे घ्यायच्या. आधी साबणानं धुवून धुवून हातांची सालं काढली त्यांनी, पण मी कुठे ऐकते! मुरलेला गहू धुवून जातो का, म्हणायची. दोन वर्षांनी भाऊजींची बदली धुळ्याला झाली आणि अक्कांचं बिऱ्हाड तिथल्या देवपूरला राहायला गेलं. निघताना अक्कांनी लांबूनच पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

पोर सातवीत असताना शाळेत हस्तकलेला कणकेची फळं करायला सांगितली. मी डॉक्टरांना विचारलं, नुसता हात लागला तर? पोर बाहेर वजनाला उभी होती. डॉक्टर म्हणाले, “अहो, कातडीतून नाही जात ते. पोटात गेलं तरच त्रास. नंतर हात, नखं स्वच्छ धुवायची, तोंडात बोट घालायचं नाही, झालं.” मी आखाजीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तिनं काहीतरी खाल्लं असणार. घरी येऊन खोदून विचारलं तर पोर रडत म्हणाली, मांड्याचा तुकडा उचलला होता.

त्याच दिवशी अक्कांना फोन करायला हवा होता. नाही केला. पोरीलाही हाताचं काही सांगितलं नाही. चुकले म्हणायला जीभ उचलेना. आणि खरं सांगू? पोर आता कंगवा घेऊन माझ्याकडे येत होती. मला ते बरं वाटत होतं. इतकी नीच मी!

गेल्या वर्षी पोरीचं लग्न झालं. पाठवणीआधी ओटी भरायला पहिला मान अक्कांचा. आमच्यात ओटी गव्हाची, पण त्यांनी आठवणीनं नवे तांदूळ आणले होते, धुळ्याहून, वेगळ्या पिशवीत. त्या पोरीसमोर उभ्या राहिल्या आणि पर्समधून मेडिकलमधले पांढरे रबरी हातमोजे काढून चढवायला लागल्या. बायका हसल्या. “सकाळी पोळी खाल्ली ना मी,” अक्का ओशाळून म्हणाल्या, “आजच्या दिवशी धोका नको.”

मी त्यांचे हात धरले. “अक्का, काढा ते. हात लागून काही होत नाही तिला. कधीच होत नव्हतं.”

“तुले कधीपासून ठाऊक शे?”

“ती सातवीत होती तेव्हापासून.”

अक्का मोजे काढायला लागल्या. घामानं एक चिकटून बसला होता, तो पोरीनं ओढून काढला. मग अक्कांनी उघड्या हातांनी तिचे गाल धरले. मेकअप पुसला गेला तरी सोडले नाहीत. मला वाटलं होतं, अक्का चार लोकांत मला फाडून खातील. मी आखाजीला ओरडले होते तसं ओरडतील. त्यांनी तांदळाची ओंजळ भरून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “मंग सातवीत तिनी येनी कोन घाले?”

“वेणी मीच घालायची,” मी म्हणाले.