पाचवा फाऊल

हिवाळ्यातल्या उतरत्या उन्हात सिमेंटच्या मैदानावर आपटणाऱ्या बास्केटबॉलचा आवाज कधी निवांतपणे ऐकला आहे तुम्ही? डोळे मिटून ऐकावा असा तो नाद असतो. एकटीच खेळाडू सराव करत असेल तर त्याला एक संथ, एकाग्र लय असते. दहाजणी धावू लागल्या की ती लय विस्कटते, बुटांचे चीत्कार आणि हाका तिच्यात मिसळतात, आणि मग मधूनच सारे एकदम शांत होते. चेंडू हवेत असतो. तो जाळीतून अलगद उतरेल की कडेवर आपटून माघारी फिरेल, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईला या अधांतरी क्षणाचा लळा कसा लागावा, हे मलाही सांगता येणार नाही.

तळेगावात आमच्या घरामागे एका कॉलेजचे मैदान आहे, आणि मैदानाच्या कडेला दगडी पायऱ्या. फिरून आल्यावर दम खायला म्हणून मी तिथे टेकू लागले आणि बघता बघता तिथलीच झाले. माझ्या आधीपासून दोघे तिथे बसत असत. एक काळे साहेब, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी खात्याच्या संघातून ते हाच खेळ खेळले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूच्या पावलांकडे ते परीक्षकाच्या नजरेने पाहत. दुसरे सोमाटण्याचे बबनआबा, एके काळचे पैलवान. त्यांची नात या कॉलेजात शिकली, लग्न होऊन सासरीही गेली. आबांचे येणे मात्र सुटले नाही. रोज संध्याकाळी आम्ही तिघे एका ओळीत बसायचो आणि मुलींच्या संघाचा सराव पाहता पाहता त्यांच्या गुणदोषांचा काथ्याकूट करायचो. निवृत्त माणसांना न्यायदानाची हौस फार!

आमच्या चर्चेचा मुख्य विषय होता अस्मिता. कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूला तिचे गाव. तिथून रोज येऊन-जाऊन ती शिकत होती. कॉलेजचे दुसरे वर्ष. संघातल्या सगळ्या मुलींहून हातभर उंच, खांदे रुंद, आणि हात असे लांब की नुसते वर केले तरी रिंग दोन बोटांवर आल्यासारखी वाटावी. चेंडू तिच्या हातात आला की आम्ही पुढे सरसावून बसायचो. आणि तिथेच आमची निराशा व्हायची. रिंगखाली मोकळी वाट दिसत असली तरी ती आत शिरायची नाही. समोरची मुलगी जवळ आली की हिचे पाऊल थबके, अंग आकसे, आणि हातातला चेंडू घाईघाईने दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली होई. दुसरीला अडवतानाही तेच. अंग मागे ठेवून ती नुसते हात पुढे करायची. साहजिकच चेंडूऐवजी मनगटाला हात लागे आणि शिट्टी वाजे. या खेळात एका सामन्यात पाच फाऊल झाले की खेळाडूला बाहेर बसावे लागते, आणि अस्मिता अर्ध्या सामन्यातच त्याच्या जवळ पोचलेली असे.

"उंची फुकट गेली हो बाई," काळे साहेब कळवळून म्हणायचे. "देवानं सगळं दिलंय या मुलीला, फक्त भूक दिली नाही."

आबांचे निदान कुस्तीच्या आखाड्यातले. "अंगाला अंग लावायला भितीय ती. आमच्यात असा गडी आला ना, तर वस्ताद पयल्याच दिशी घरी धाडायचा."

"तुम्ही दोघे घाई करता," मी म्हणायचे. "होतकरू आहे ती."

होतकरू! किती सुंदर शब्द आहे आपल्या भाषेतला! ज्याचे अजून काही झालेले नाही, पण व्हायचे आहे. जो आजच्या रूपाहून उद्याच्या शक्यतेनेच अधिक ओळखला जातो, तो होतकरू. वर्गात उभी राहून मी हा शब्द कितीतरी मुलांना बहाल केला असेल. पण त्या पायऱ्यांवर बसून मला प्रथमच वाटू लागले, की या शब्दात आशीर्वाद जितका आहे तितकेच ओझेही आहे. दुसऱ्याच्या उद्यावर आपण किती सहजपणे हक्क सांगतो! आंब्याला मोहोर आला की वाटसरूसुद्धा फळांचा अंदाज बांधतो. मुळाशी काय चालले आहे, कुठला दगड आड आला आहे, हे त्याला कुठून दिसावे? आम्हा तिघांना अस्मिताच्या चुका तोंडपाठ होत्या. त्या चुका येतात कुठून, असा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

आमच्या पायरीच्या एक पायरी खाली, थोडी बाजूला, आणखी एक मुलगी बसायची. तेजश्री तिचे नाव. तिसऱ्या वर्षाला होती. डाव्या पायाने किंचित जपून चालायची, पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घ्यायची. पूर्वी ती याच संघाची कप्तान होती आणि गेल्या वर्षी गुडघा दुखावल्यामुळे तिचे खेळणे कायमचे थांबले, एवढे आम्हाला माहीत होते. ती कधी आमच्या चर्चेत पडत नसे. हनुवटी तळहातावर टेकून खेळ पाहत राही आणि सराव संपला की उठून जाई.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. अस्मिताने रिंगखालून, अगदी हातातोंडाशी आलेला चेंडू पुन्हा मागे देऊन टाकला, आणि काळे साहेबांचा संयम सुटला. "घाबरट आहे ही! काही होणार नाही हिचं."

तेजश्री मागे वळली. आवाज चढवला नाही तिने, पण चेहरा लाल झाला होता.

"काका, ती घाबरट नाही. पहिल्या वर्षी तुम्ही तिला पाहिलं नाहीत, सराव सकाळी असायचा. तेव्हा ती रिंगखाली शिरली की आम्ही सिनियर मुलीसुद्धा बाजूला व्हायचो."

"मग आता काय झालं?" मी विचारले.

तिने आपल्या गुडघ्याकडे पाहिले. "हे झालं. सराव चालला होता. बोर्डवर आपटून आलेला चेंडू घ्यायला दोघींनी एकदम उडी मारली. मी आधी खाली आले, ती माझ्या पायावर पडली. बस, एवढंच."

समोर अस्मिता बाहीने घाम पुसत उभी होती. आपल्याबद्दल बोलणे चालले आहे याची तिला कल्पनाही नव्हती.

"ऑपरेशन झालं तेव्हा ती हॉस्पिटलात आली होती," तेजश्री म्हणाली. "दारातच उभी राहिली. 'ताई, माफ कर' एवढं म्हणाली आणि रडत निघून गेली. माफ कशाबद्दल करू मी? चेंडू दोघींनाही हवा होता. तेव्हापासून समोर आली की नुसती मान हलवते आणि जाते. आणि कोर्टवर हे असं. समोर कुणीही असू दे, तिला मीच दिसते. ती अजून मला सांभाळतेय, काका."

मग आबा हळूच म्हणाले, "तू येतीस कशाला गं पोरी हितं रोज? तरास न्हाई व्हत?"

"होतो ना आबा," तेजश्री म्हणाली. "पण मी यायचं थांबवलं तर तिला काय वाटेल?"

त्या संध्याकाळी घरी परतताना मी विचार करत होते. ज्याला आम्ही भीती म्हणत होतो, ती भीती खरी, पण कुणाबद्दलची? स्वतःला लागेल म्हणून आकसणारे अंग आणि दुसऱ्याला लागेल म्हणून आकसणारे अंग दुरून सारखेच दिसते. एकात दुबळेपणा असतो आणि दुसऱ्यात करुणा. पण खेळाच्या मैदानावर दोन्हींचा परिणाम एकच, चेंडू हातचा जातो. मग अशा करुणेचे करायचे तरी काय? तिला चूक म्हणावे तर जीभ रेटत नाही, आणि गुण म्हणून गोंजारावे तर त्या मुलीचे सारे सामर्थ्य तिच्याच अंगात कोंडून राहते. भूगोल शिकवताना मी मुलांना सांगायचे, की पाणी अडवले तरच धरण भरते. माणसाच्या आत अडवलेले पाणी मात्र कुणाचे शेत भिजवणार?

संक्रांत झाल्यावर लोणावळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. आमच्या मुली उपांत्य सामन्यापर्यंत पोचल्या, तेव्हा आम्ही जायचे ठरवले. दुपारच्या गाडीने निघालो, आणि तेजश्रीही आमच्याबरोबर आली. कामशेत सोडल्यावर दोन्ही बाजूंना भातकापणीनंतरची रिकामी खाचरे पसरली होती, पिवळी, निमूट, उन्हात अंग टाकून पडलेली. तेजश्री खिडकीशी बसून बाहेर पाहत होती.

लोणावळ्याच्या मैदानावर हवा बोचरी होती. समोरचा संघ चपळ. आमच्या मुली पहिल्यापासूनच मागे पडल्या. अस्मिताचे सारे जुने दोष त्या दिवशी जणू ठरवून प्रकटले. तेच थबकणे, तेच हातातले देऊन टाकणे, तेच नुसते हात पुढे करणे. चारपैकी तिसरा डाव संपला तेव्हा तिच्या नावावर चार फाऊल लागले होते. आमच्या मागे बसलेले कॉलेजचे मुलगे "तिला बाहेर काढा!" म्हणून ओरडू लागले. काळे साहेबांनी मागे वळून त्यांच्याकडे असे पाहिले की ते गप्प बसले. दिवाळीपूर्वी हेच वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले असते.

शेवटचा डाव सुरू झाला. अस्मिताच्या हातात चेंडू आला, समोर वाट मोकळी होती, आणि तिचे पाऊल पुन्हा थबकले. त्याच क्षणी माझ्या शेजारून हाक उठली. तेजश्री कठडा धरून उभी राहिली होती.

"अस्मिता! आत जा! मी इथे आहे, वर! तिथे नाहीये!"

सारे मैदान तिच्याकडे पाहू लागले. अस्मितानेही पाहिले. वर्षभरात प्रथमच तिने तेजश्रीकडे असे सरळ, मान वर करून पाहिले असेल. मग ती वळली आणि आत शिरली.

पुढची काही मिनिटे मी कशी वर्णन करू? मघाशी धरणाचे म्हणाले ना, त्याचा दरवाजा कुणी उघडावा तसे झाले ते. ती खांदा पुढे घालून शिरत होती, बोर्डवरून परतणारा चेंडू दोन्ही हातांनी ओढून घेत होती, अडवणाऱ्या मुलींच्या गर्दीतून वर उसळत होती. "आरं तिच्या!" आबा मांडीवर थाप मारत ओरडले. "हिच्या अंगात येवढं व्हतं व्हय!" तफावत कमी होत होत एका गुणावर आली.

आणि शेवटच्या क्षणांत अस्मिता पुन्हा आत घुसली. समोर दुसऱ्या संघाची एक सडपातळ मुलगी पाय रोवून उभी होती. दोघींची टक्कर झाली. चेंडू जाळीतून खाली आला, पण त्याआधीच शिट्टी वाजली होती. जागेवर स्थिर उभ्या मुलीला धडक दिली म्हणून अस्मिताचा पाचवा फाऊल. गुण रद्द.

पण गुणांकडे लक्ष कुणाचे होते? ती सडपातळ मुलगी जमिनीवर पडली होती, आणि अस्मिता तिच्याजवळ दगडासारखी उभी होती. पुन्हा तेच? पुन्हा तिच्याच अंगाखाली? तेजश्रीने माझे मनगट घट्ट पकडले.

पडलेली मुलगी उठून बसली. कोपराची धूळ झटकली. मग तिने वर पाहिले आणि अस्मितापुढे हात केला. अस्मिताने तिला ओढून उभी केली. ती मुलगी काहीतरी बोलली, हसली आणि आपल्या जागी पळत गेली. नीट, दोन्ही पायांवर.

अस्मिता बाहेर येऊन बसली. आमच्या मुली तो सामना हरल्या.

मैदान रिकामे झाल्यावर ती आमच्याकडे आली. बॅग खांद्याला, केस कपाळाला चिकटलेले. आम्हा तिघांकडे तिने पाहिलेही नाही. ती तेजश्रीच्या पुढ्यात उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "ताई, माझ्यामुळं हरलो."

"पहिले चार फाऊल अगदी फालतू होते," तेजश्री म्हणाली. "पाचवा चांगला होता."

अस्मिताच्या तोंडून हसू फुटले आणि त्याच श्वासात रडू. ती खालच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने तिने हात उचलला, जरा घुटमळली आणि मग हलकेच तो तेजश्रीच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

"अजून दुखतो का गं?"

'नाही' म्हणणे किती सोपे होते! पण तेजश्रीने तिला ते सोपे उत्तर दिले नाही.

"दुखतो. थंडीत जास्त."

अस्मिताने हात काढून घेतला नाही. काळे साहेबांनी आबांना आणि मला खुणेनेच उठायला सांगितले, आणि त्या दोघींना तिथे ठेवून आम्ही तिघे पायऱ्या उतरून खाली आलो.